भाजल्यावर मातीच्या आत काय बदलते, आणि ते अवरक्त किरणांना कसे कळते

कमी कार्बन उत्सर्जनाच्या सिमेंटविषयी गेल्या काही वर्षांत ज्या बातम्या येत आहेत, त्यांत ‘भाजलेली माती’ हा शब्दप्रयोग वारंवार भेटतो. नेहमीच्या सिमेंटचा गाभा म्हणजे क्लिंकर, म्हणजेच चुनखडी आणि माती यांचे मिश्रण सुमारे १,४५० अंश सेल्सिअसला भाजून मिळणारे खडे. चुनखडी तापली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि तो थोडाथोडका नसतो : १०० किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो. भट्टीत जळणाऱ्या इंधनाचा वायू यात धरलेलाच नाही. म्हणून क्लिंकरचा मोठा वाटा काढून त्या जागी भाजलेली माती आणि कच्ची, न भाजलेली चुनखडी घालायची, असा मार्ग संशोधकांनी काढला. एलसी-३ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा सिमेंटच्या प्रचलित मिश्रणात क्लिंकर निम्मे असते, भाजलेली माती सुमारे ३० टक्के, चुनखडी १५ टक्के आणि जिप्सम ५ टक्के.

येथे पडणारा प्रश्न साधा आहे. तीच माती कच्ची घातली तर सिमेंट कमजोर होते. सातशे-आठशे अंशांवर भाजून घातली तर ती सिमेंटमधल्या चुन्याशी संयोग पावते आणि दगडासारखी घट्ट होते. पण दोन्ही मातींचे रासायनिक विश्लेषण करून पाहिले, तर सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम यांचे एकमेकांशी प्रमाण जसेच्या तसे असते. फक्त थोडे पाणी गेलेले दिसते. मग बदलले काय? बदलली ती अणूंची एकमेकांशी असलेली बांधणी. ही बांधणी पाहण्याची साधने अनेक आहेत, पण भाजणीच्या बाबतीत अवरक्त वर्णपटविज्ञान हे मला त्यांतले सर्वांत बोलके वाटते, कारण ते मूलद्रव्ये मोजत बसत नाही, थेट बंधांनाच प्रश्न विचारते.

सुकणे वेगळे, भाजणे वेगळे

उन्हात वाळलेले कच्चे मडके पाण्यात ठेवले की त्याचा पुन्हा चिखल होतो. भट्टीतून निघालेले मडके वर्षानुवर्षे पाण्यात राहिले तरी त्याचा चिखल होत नाही. दोन्ही वेळा मातीतून पाणीच गेले, मग परिणामात एवढा फरक का? कारण पहिल्या वेळी गेले ते कणांच्या मधले, पृष्ठभागाला चिकटलेले पाणी. दुसऱ्या वेळी गेले ते पाणी मुळात पाण्याच्या रूपात मातीत नव्हतेच; ते खनिजाच्या सांगाड्यातच गुंफलेले होते.

हा सांगाडा समजून घेण्यासाठी केओलिनाइट हे खनिज घेऊ. चिनीमातीचा हा मुख्य घटक. त्याचे नाव चीनमधील गाओलिंग या ठिकाणावरून आले आहे. केओलिनाइटचा प्रत्येक थर अस्तर लावलेल्या कापडासारखा असतो. वरचे कापड सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे : प्रत्येक सिलिकॉन अणूभोवती चार ऑक्सिजन, आणि असे चौकडे शेजाऱ्याशी कोपरे जोडून पसरलेले. खालचे अस्तर ॲल्युमिनियमचे : प्रत्येक ॲल्युमिनियम अणूभोवती सहा शेजारी, त्यांपैकी दोन ऑक्सिजन अणू आणि चार हायड्रॉक्सिल. हायड्रॉक्सिल म्हणजे एक ऑक्सिजन आणि त्याला जडलेला एक हायड्रोजन, अशी जोडी. कापड आणि अस्तर यांची शिवण दोघांच्या सामायिक ऑक्सिजन अणूंनी घातलेली असते. अशा दुपदरी थराची जाडी सुमारे ०.७ नॅनोमीटर असते आणि असे शेकडो थर वहीच्या पानांप्रमाणे एकावर एक रचलेले असतात.

यातला एक बारकावा पुढे फार उपयोगी पडणार आहे. दर चार हायड्रॉक्सिलांपैकी तीन अस्तराच्या बाहेरच्या बाजूला असतात आणि पुढच्या थराला हलके धरून ठेवतात. चौथा मात्र कापड आणि अस्तर यांच्यामधल्या शिवणीत दडलेला असतो.

किरणांना बंध कसे कळतात

सन १८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे तापमापक ठेवला आणि पारा चढलेला पाहिला. हेच अवरक्त किरण. या किरणांची कंपने ज्या गतीने होतात, जवळजवळ त्याच गतीने पदार्थातील अणू आपापल्या बंधांवर हेलकावत असतात, आणि सगळी पद्धत या योगायोगावर उभी आहे.

दोन अणू म्हणजे दोन गोळे आणि त्यांच्यातला बंध म्हणजे स्प्रिंग, असे क्षणभर समजा. गोळे हलके असतील तर स्प्रिंग झपाझप लवते, जड असतील तर संथ. स्प्रिंग ताठ असेल तर वेग वाढतो, सैल असेल तर घटतो. म्हणजे प्रत्येक बंधाचा स्वतःचा असा एक ठेका ठरलेला असतो. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत झोके दिले तरच तो चढत जातो, भलत्या वेळी दिलेले धक्के वाया जातात. त्याचप्रमाणे बंधाच्या ठेक्याशी जुळणारा किरणच तो बंध शोषून घेतो आणि बाकीचे आरपार जातात. अट एवढीच, की त्या कंपनामुळे रेणूतील विद्युतभाराची विभागणी मागेपुढे व्हायला हवी. मातीतल्या बंधांत ती होते.

आता एक संज्ञा. किरण मोजण्याचे येथले माप म्हणजे तरंगसंख्या : एका सेंटिमीटरमध्ये त्या किरणाच्या किती लाटा मावतात ती संख्या. अंक जितका मोठा तितके कंपन जलद. मातीसाठी ४०० ते ४,००० हा टप्पा पुरेसा आहे, आणि यापुढे या लेखात येणारे असे सुटे आकडे तरंगसंख्येचेच समजावेत. ३,६२० या तरंगसंख्येला कंपणारा ऑक्सिजन-हायड्रोजन बंध एका सेकंदात सुमारे एक लाख अब्ज वेळा लवतो. हायड्रोजन हा सर्वांत हलका अणू असल्यामुळे त्याचा ठेका सर्वांत वरचा असतो. याची पडताळणीही करता येते : साध्या हायड्रोजनच्या जागी दुप्पट वजनाचा ड्यूटेरियम बसवला, तर बंध तोच राहूनही शोषण ३,६०० च्या परिसरातून उतरून २,७०० च्या आसपास येते. गोळा जड झाला, ठेका संथ झाला.

नमुन्यातून कोणते किरण किती गायब झाले याचा आलेख म्हणजे वर्णपट, आणि त्यातला प्रत्येक उंचवटा म्हणजे शोषणपट्टा.

कच्च्या केओलिनाइटची ओळख

सुव्यवस्थित केओलिनाइटचा वर्णपट एकदा पाहिला की तो विसरला जात नाही. वरच्या टोकाला चार अणकुचीदार पट्टे दिसतात : ३,६९५, ३,६७०, ३,६५२ आणि ३,६२०. यांपैकी पहिले तीन बाहेरच्या बाजूच्या हायड्रॉक्सिलांचे, आणि ३,६२० हा शिवणीत दडलेल्या चौथ्याचा. त्यानंतर बरीच मोकळी जागा, आणि मग १,११५, १,०३३ व १,०१० या ठिकाणी सिलिकॉन-ऑक्सिजन बंधांचे तीन जोरदार पट्टे. त्याखाली ९३८ आणि ९१३ येथे ॲल्युमिनियमला जोडलेल्या हायड्रॉक्सिलांच्या डोलण्याचे दोन पट्टे. त्यांतही पहिला बाहेरच्यांचा आणि दुसरा आतल्याचा. सर्वांत खाली ५४० येथे असतो तो शिवणीचा पट्टा, म्हणजे सहा शेजारी असलेल्या ॲल्युमिनियमपासून ऑक्सिजनमार्गे सिलिकॉनपर्यंत गेलेल्या बंधांचा. आणि ४७० च्या आसपास सिलिकॉन-ऑक्सिजनचेच वाकण्याचे कंपन.

पाण्याच्या सुट्या रेणूचा मात्र वेगळा ठसा असतो. त्याचा ३,४०० जवळचा पट्टा रुंद आणि पसरट असतो, आणि शिवाय १,६३० जवळ एक पट्टा येतो, जो रेणूच्या दोन भुजा कात्रीसारख्या मिटण्या-उघडण्याचा आहे. हायड्रॉक्सिलला एकच भुजा असल्याने त्याला हे कंपन शक्यच नाही. खनिजात पाणी रेणूरूपाने आहे की बांधणीत मुरलेले आहे, हा भेद विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ विल्यम कोब्लेंट्झ यांनी अवरक्त वर्णपटांवरून दाखवून दिला होता. सुकणे आणि भाजणे यांतला फरक आज आपण वर्णपटावर बोट ठेवून दाखवू शकतो, तो याच भेदाच्या आधारावर.

भट्टीत काय घडते

तापमान शंभर-दोनशे अंशांपर्यंत नेले तर १,६३० आणि ३,४०० येथील पट्टे ओसरतात. बाकी वर्णपट जवळजवळ तसाच राहतो. माती सुकली, इतकेच. नमुना थंड करून दमट हवेत ठेवला की ते पट्टे परत येतात.

साधारण ४५० अंशांच्या पुढे खरी घडामोड सुरू होते. शेजारचे दोन हायड्रॉक्सिल एकत्र येतात, एकाचा हायड्रोजन दुसऱ्याकडे जातो, पाण्याचा एक रेणू तयार होऊन निघून जातो आणि मागे एकच ऑक्सिजन उरतो. या क्रियेला निर्हायड्रॉक्सिलीकरण म्हणतात. नाव अवघड असले तरी अर्थ हायड्रॉक्सिल जाणे इतकाच. वर्णपटात ३,६०० च्या परिसरातले चारही पट्टे खचू लागतात, आणि त्यांच्याबरोबरच ९३८ व ९१३ चेही. साडेसहाशे अंशांपर्यंत, पुरेसा वेळ मिळाला तर, ते जवळपास पुसले जातात.

पण हायड्रॉक्सिल जाणे ही या बदलाची अर्धीच बाजू आहे. ॲल्युमिनियमच्या सहा शेजाऱ्यांपैकी चार हायड्रॉक्सिल होते. ते गेल्यावर त्याला उरलेल्या ऑक्सिजन अणूंत भागवून घ्यावे लागते, आणि त्याच्याभोवती आता कुठे चार, कुठे पाच शेजारी उरतात. अस्तराची वीण उसवते आणि ते आक्रसते. अस्तर आक्रसले की वरचे कापडही चुरगळते, मात्र फाटत नाही : सिलिकॉन-ऑक्सिजनचे पसरलेले जाळे बहुतांशी टिकून राहते. वर्णपटात ५४० चा शिवणीचा पट्टा नाहीसा होतो, ८०० ते ८२० च्या आसपास कमी शेजारी असलेल्या ॲल्युमिनियमचा एक पसरट पट्टा उगवतो, आणि सिलिकॉन-ऑक्सिजनचे तीन स्वतंत्र पट्टे एकमेकांत मिसळून १,०८० च्या आसपास एकच रुंद टेकाड तयार होते. या अवस्थेतील पदार्थाला मेटाकेओलीन म्हणतात. सिमेंटमध्ये हवे असते ते हेच.

पट्टे रुंद का झाले, याकडे थोडे थांबून पाहायला हवे, कारण माझ्या मते या साऱ्या विषयाचे मर्म येथे आहे. सुव्यवस्थित स्फटिकात प्रत्येक सिलिकॉन अणूची परिस्थिती हुबेहूब सारखी असते, त्यामुळे सगळे बंध एकाच सुरात कंपतात आणि पट्टा टोकदार येतो. चुरगळलेल्या थरात एका बंधाचा कोन थोडा जास्त, दुसऱ्याचा थोडा कमी, एकाची लांबी किंचित अधिक, दुसऱ्याची उणी. प्रत्येकाचा सूर इतरांहून किंचित निराळा लागतो आणि त्या सगळ्यांची बेरीज म्हणून रुंद टेकाड मिळते. नवखा अभ्यासक अशा वर्णपटाला ‘बिघडलेला’ म्हणतो. तो बिघडलेला नसतो. टेकाडाची रुंदी हे बंध किती निरनिराळ्या परिस्थितींत सापडले आहेत याचे माप आहे, आणि टेकाड वर सरकले आहे याचा अर्थ सिलिकाचे, म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजनचे, जाळे ॲल्युमिनियमच्या शिवणीतून सुटून शुद्ध, अस्फटिकी सिलिकाच्या दिशेने चालले आहे, कारण त्याचा पट्टा १,१०० च्या जवळ असतो. चुन्याशी झटकन संयोग पावण्याची मेटाकेओलीनची वृत्तीही याच अस्वस्थ मांडणीतून येते. नीटनेटक्या स्फटिकात अणू आपापल्या जागी स्थिर असतात. येथे ॲल्युमिनियमला हवे तितके शेजारी मिळालेले नसतात, म्हणून संधी मिळताच तो नवे बंध जोडतो.

तापमान आणखी वाढवले की सुमारे ९८० अंशांवर एक आकस्मिक घटना घडते. आतापर्यंत उष्णता घेणारी माती येथे उष्णता बाहेर टाकते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ हेन्री ल शातेलिए यांनी मातीच्या तापण्याचे आलेख १८८७ मध्येच काढले होते. पण आत नेमके काय घडते यावर पुढे दीर्घकाळ वाद चालला आणि १९५९ मध्ये ब्रिंडली आणि नाकाहिरा यांच्या शोधनिबंधांनी या मालिकेला नीट चौकट दिली. थोडक्यात, विस्कळीत मांडणी कोसळून ॲल्युमिनियमप्रधान, अतिसूक्ष्म असे स्पिनेल प्रकारचे स्फटिक तयार होतात आणि सिलिका मोकळी होते. पुढे १,१०० ते १,२०० अंशांच्या वर मुलाइट हे खनिज वाढते, आणि आणखी वर मोकळ्या सिलिकातून क्रिस्टोबलाइट हे तिचे स्फटिकरूप जन्मते. वर्णपटातील टेकाड पुन्हा फुटते आणि त्यातून नवे पट्टे वेगळे होऊ लागतात. क्रिस्टोबलाइट ६२० जवळच्या पट्ट्याने ओळखू येते. चिनीमातीच्या वस्तूंची ताकद पुष्कळ अंशी मुलाइटमुळे असते. सिमेंटसाठी मात्र ही माती निकामी झालेली असते, कारण अणूंना पुन्हा स्थिर जागा मिळालेल्या असतात.

वजनातली घट मोजून भागणार नाही का?

हा आक्षेप योग्य आहे. शुद्ध केओलिनाइट पूर्ण भाजले की त्याचे वजन सुमारे १४ टक्क्यांनी घटते, आणि ही घट अचूक मोजता येते. किती पाणी गेले, हे वजनकाटा अवरक्त किरणांपेक्षा चांगले सांगतो. त्या बाबतीत मी काट्यावरच विश्वास ठेवीन. पण ७०० अंशांवर भाजलेली आणि १,००० अंशांवर भाजलेली माती काट्याला जवळजवळ सारखीच वाटते, कारण दोन्हींतले पाणी गेलेलेच आहे. एक सिमेंटला उपयोगी, दुसरी बरीचशी निरुपयोगी, हा फरक वजनात उतरत नाही, बंधांत उतरतो.

क्ष-किरणांनी स्फटिकरचना दिसते, मग ही खटपट कशाला?

क्ष-किरण विवर्तन ही पद्धत थरांची नियमित पुनरावृत्ती पकडते. कवायतीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या लोकांतले अंतर दुरूनही मोजता येते; रांग मोडून तेच लोक घोळक्यात उभे राहिले की ते मोजमाप संपते. केओलिनाइटचे मेटाकेओलीन झाले की क्ष-किरणांच्या आलेखात एक अस्पष्ट फुगवटा तेवढा उरतो. त्यावरून ‘स्फटिक नाही’ एवढे समजते, पण काय आहे ते कळत नाही. अवरक्त किरणांना रांगेची गरज नसते. ते प्रत्येक बंधाला, त्याच्या लगतच्या दोन-तीन शेजाऱ्यांसह, वेगळेच विचारतात, म्हणून विस्कळीत पदार्थातही त्यांना उत्तर मिळते.

ॲल्युमिनियमभोवती नेमके चार की पाच शेजारी आहेत, याचा आकडा मात्र अवरक्त वर्णपट ठामपणे देत नाही. ते काम अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन या पद्धतीचे आहे. पाच शेजारी असलेला ॲल्युमिनियम मेटाकेओलीनमध्ये निश्चितपणे दिसला तो तिच्यामुळेच. अवरक्त उपकरणाची बाजू वेग आणि सोपेपणा ही आहे : काही मिलिग्रॅम भुकटी आणि काही मिनिटे पुरतात.

मोजणाराच नमुना बदलून टाकतो तेव्हा

या पद्धतीतल्या चुका बहुतेक वेळा उपकरणात नसतात, नमुना तयार करण्यात असतात. कण मोठे राहिले तर किरण विखुरतात आणि पट्टे वेडेवाकडे येतात, म्हणून माती दोन मायक्रोमीटरपेक्षा बारीक हवी. पण खलबत्त्यात जोराने आणि फार वेळ घोटली, तर केओलिनाइटचे थर घर्षणानेच मोडतात आणि ३,६९५ चा पट्टा मंदावतो. न भाजलेली माती भाजल्यासारखी दिसू लागते! म्हणून थोड्या अल्कोहोलमध्ये, हलक्या हाताने आणि ठरावीक वेळच घोटावे लागते.

जुन्या रीतीत एक-दोन मिलिग्रॅम माती सुमारे २०० मिलिग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये मिसळून दाबाखाली पारदर्शक चकती बनवतात. हे क्षार अवरक्त किरणांना वाट देतात, पण हवेतला दमटपणा ओढून घेतात. त्यामुळे १,६३० आणि ३,४०० येथे मातीत नसलेले पाणी दिसू लागते. चकती तापवून, कोरडी करून घेणे आलेच. अलीकडे हिऱ्याच्या स्फटिकावर भुकटी दाबून, आतून परावर्तित होणाऱ्या किरणांनी मोजण्याची रीत रूढ झाली आहे. तीत चकतीची गरज नाही. मात्र किरण नमुन्यात किती खोल शिरतात हे त्यांच्या तरंगलांबीवर अवलंबून असल्यामुळे हायड्रॉक्सिलांचे पट्टे फिके पडतात आणि सिलिकॉन-ऑक्सिजनचे पट्टे काहीसे खाली सरकतात. एका रीतीने काढलेला वर्णपट दुसऱ्या रीतीच्या आकड्यांशी थेट ताडून पाहिला, तर जागा बदलल्याचा भास होतो आणि न घडलेला संरचनाबदल नोंदवला जातो.

तापत असतानाच मोजायचे असेल, तर एक सुंदर युक्ती आहे. तापलेली वस्तू स्वतःच अवरक्त किरण बाहेर टाकते, आणि ज्या तरंगसंख्यांना ती शोषण करते त्याच तरंगसंख्यांना ती जोराने उत्सर्जनही करते. म्हणून बाहेरच्या दिव्याऐवजी नमुन्याचेच किरण टिपता येतात. येथेही एक सावधगिरी हवी. पदार्थ तापला की तो प्रसरण पावतो, बंध किंचित सैल होतात आणि रचना न बदलताही पट्टे सरकतात व रुंदावतात. थंड केल्यावर जे सरकणे मागे जाते ते केवळ तापल्याचे, आणि जे उरते ते रचना बदलल्याचे.

सगळी माती केओलिनाइट नसते

निसर्गातली माती बहुधा मिश्र असते. फुगणाऱ्या मातीतले माँटमोरिलोनाइट घ्या. त्यात अस्तर दोन कापडांच्या मधोमध असते, आणि थरांच्या मध्ये पाणी व सोडियम किंवा कॅल्शियमचे आयन राहतात. ते पाणी शंभर-दोनशे अंशांवर जाते आणि परतही येते. हायड्रॉक्सिल मात्र बहुधा सहाशे ते सातशे अंशांपर्यंत टिकून असतात, आणि ते गेल्यानंतरही वरखालच्या दोन कापडांत सापडलेला ॲल्युमिनियम केओलिनाइटइतका मोकळा होत नाही. म्हणून सिमेंटसाठी केओलिनाइटयुक्त माती अधिक पसंत केली जाते. याच खनिजात थरांमध्ये लिथियम भरून ते दोनशे-तीनशे अंशांवर तापवले, तर चिमुकले लिथियम आयन थरातल्या रिकाम्या जागांत शिरतात, माती फुगणे सोडते, आणि ३,६७० जवळ एक नवा पट्टा उगवतो. भट्टीच्या मानाने ही ऊब किरकोळच, तरी आयनांनी जागा बदलल्याचे वर्णपटात उमटते.

मातीत वाळू, म्हणजे क्वार्ट्झ, असेल तर ७९८ आणि ७७९ अशी त्याची जोडगोळी दिसते आणि त्याचा मोठा पट्टा १,०८० च्या आसपासच येतो, म्हणजे नेमका मेटाकेओलीनच्या टेकाडावर. क्वार्ट्झ सातशे-आठशे अंशांना दाद देत नाही. म्हणून एकटा वर्णपट पाहून निष्कर्ष काढण्याऐवजी भाजण्यापूर्वीचा आणि नंतरचा असे दोन वर्णपट शेजारी ठेवावेत; जे दोन्हींत तसेच राहिले ते क्वार्ट्झचे.

भट्टी बरोबर तापली होती का?

सिमेंटच्या कारखान्यासाठी हा व्यवहारातला प्रश्न आहे. माती साधारण ७०० ते ८५० अंशांच्या टप्प्यात भाजायची असते, पण भट्टीचा मापक हवेचे तापमान सांगतो. ढिगाच्या मध्यावरचा खडा कितपत तापला हे त्याला ठाऊक नसते. जाड थरातून वाफ बाहेर पडायला वेळ लागतो, आणि भोवती वाफ कोंडली तर निर्हायड्रॉक्सिलीकरणच लांबते. अशा वेळी बाहेर पडणाऱ्या मालाचा वर्णपट काढून चार गोष्टी पाहता येतात. ३,६२० आणि ९१३ येथे अवशेष असतील तर माती कच्ची राहिली. ५४० गेला नसेल तर शिवण उसवलेली नाही. १,०८० चे टेकाड एकसंध आणि रुंद असेल तर भाजणी जमली. ते फुटू लागले असेल तर माती जास्त भाजली गेली. अंतिम निवाडा अर्थात चुन्याशी प्रत्यक्ष संयोग करून पाहण्याचा, पण त्या चाचणीला तास किंवा दिवस लागतात, आणि भट्टी तोवर चालूच असते.

येथे सुरुवातीच्या आकड्याकडे परत जाणे योग्य ठरेल. चुनखडी तापवताना तिच्या वजनाच्या ४४ टक्के कार्बन डायऑक्साइड सुटतो. केओलिनाइट तापवताना १४ टक्के सुटते, आणि ते पाणी असते. शिवाय तापमान जवळजवळ निम्मे लागते.

जुन्या खापरावरून भट्टीचे तापमान सांगता येते का?

पुरातत्त्वज्ञ हा प्रश्न अवरक्त वर्णपटाला अनेक वर्षे विचारत आले आहेत. खापरात केओलिनाइटचे हायड्रॉक्सिल शाबूत असतील तर भाजणी साडेचारशे-पाचशे अंशांच्या आसपासच थांबली असावी, ते नसतील तर त्यापुढे गेली असावी, असे म्हणता येते. त्याहून नेमका आकडा कोणी सांगितला तर मी जरा सावध होईन. ६०० अंशांवर दहा तास आणि ७०० अंशांवर अर्धा तास यांचे परिणाम एकमेकांच्या बरेच जवळ येऊ शकतात. चुन्याचा पुरावाही फसवा असतो : कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडीतल्या मुख्य खनिजाचे, पट्टे १,४३०, ८७५ आणि ७१३ येथे येतात, आणि साधारण सातशे ते साडेआठशे अंशांत ते जायला हवेत, पण भाजून तयार झालेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा कॅल्साइट होतो आणि पट्टे परततात. पाण्याचेही तेच. भाजलेली माती शतकानुशतके हवेतली आर्द्रता संथपणे पुन्हा हायड्रॉक्सिलच्या रूपात सामावून घेते. या संथ वजनवाढीवरून खापराचे वय काढावे अशी पद्धत ब्रिटनमधील संशोधकांनी २००९ मध्ये मांडली. तिच्यावर पुढे आक्षेपही आले, आणि त्यांतला एक मोठा आक्षेप बांधलेले पाणी आणि नुसते चिकटलेले पाणी वेगळे कसे काढायचे, हाच होता.

हाच भेद मंगळावरच्या मातीलाही लावला जातो. तिथे कक्षेत फिरणाऱ्या यानांनी परावर्तित सूर्यप्रकाशाच्या, दृश्य प्रकाशालगतच्या अवरक्त भागात मृत्तिका खनिजे शोधली. येथले आकडे तरंगलांबीचे आहेत : १.९ मायक्रोमीटरला दिसते ते रेणूरूप पाणी, आणि २.२ ते २.३ मायक्रोमीटरला दिसतो तो ॲल्युमिनियम, लोह किंवा मॅग्नेशियम यांना जोडलेला हायड्रॉक्सिल. उल्कापाताने किंवा लाव्ह्याने एखादा प्रदेश तापला असेल, तर आधी १.९ चा पट्टा फिका होतो आणि २.२ चा किंवा २.३ चा बराच काळ तग धरतो. म्हणून ज्या खडकात हे पट्टे अजून ठळक दिसतात, तो खडक त्याच्यातली मृत्तिका तयार झाल्यानंतरच्या अब्जावधी वर्षांत फारसा भाजला गेलेला नाही, असे त्याला हात न लावता म्हणता येते.